आज काय आलंय?

अनोळखी गावात पाऊल टाकलं की खाण्याच्या बाबतीत आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘इथलं प्रसिद्ध काय?’ कोल्हापूरला तांबडा-पांढरा, नागपूरला सावजी, सोलापूरला शेंगांची चटणी ही उत्तरं आपल्याला पाठ आहेत. लिस्बन किंवा बार्सिलोनाला निघालेला मराठी प्रवासीही अशीच एक यादी फोनमध्ये घेऊन विमानात बसतो. भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडला मात्र या यादीचा उपयोग नाही. तिथं पर्यटक येत नाहीत. येतात ते लग्नकार्याचे पाहुणे, बदलीवर आलेले कर्मचारी, भाड्याची खोली शोधणारी तरुण मुलं, नातवंडांकडे महिनाभर मुक्कामाला आलेले आजी-आजोबा. ‘इथं वेगळं काय असणार, मुंबईसारखंच सगळं’ असं म्हणून कोपऱ्यावरचा वडापाव खाऊन परत जाणं यांना सोपं असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं सरळ आहे : एखाद्या जागेचं खाणं ओळखायचं असेल, तर तिथल्या बाजारात उभं राहून ‘आज काय आलंय?’ हे विचारायला शिकावं. या प्रश्नाचं उत्तर रोज बदलतं, आणि ते का बदलतं हे कळू लागलं की ती जागाही कळू लागते. युरोपातल्या शहरातही ही रीत कामाला येते. केबिन रोडवर तर दुसरी रीतच नाही.

बाजारात जाण्याआधी गावांची नावं नीट ऐकावीत. केबिन रोडच्या परिसरात खारी, गोडदेव, नवघर ही जुनी गावं आहेत. आज ती इमारतींच्या गर्दीत हरवल्यासारखी वाटतात, पण नावांनी जमिनीची आठवण धरून ठेवली आहे. खार म्हणजे भरतीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली खारट जमीन. आगर म्हणजे मिठागरही, आणि त्या आगरांत राबणारे ते आगरी. उत्तरेला वसईची खाडी आहे, म्हणजे उल्हास नदीचं समुद्राला मिळतानाचं रुंद मुख. रुळांच्या पलीकडे पश्चिमेला राई, मुर्धे, मोर्वा ही मिठागरांच्या काठची गावं लागतात आणि त्याच्याही पुढे समुद्रावर डोंगरी, उत्तन, पाली, चौक. ‘केबिन’ हा शब्द रेल्वेचा आहे, सिग्नल आणि सांधे जिथून हलवले जातात ती जागा. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी १८६७ साली धावली आणि खाडीकाठचं हे टोक मुंबईच्या बाजाराशी बांधलं गेलं. पुढचं सगळं फार वेगानं झालं. १९८५ साली मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. मीठ, मासा आणि रेल्वे ही तीन सूत्रं हाती धरली, तर इथल्या ताटातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

बोंबील घ्या. मुंबईच्या बाहेरून आलेल्या पाहुण्याला मासळीत पहिल्यांदा आठवतं ते पापलेट, आणि सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यालाच राज्यमासा घोषित केलं. पापलेट उत्तम मासा आहे, पण तो बर्फात नीट टिकतो, दूर जातो, परदेशी जातो आणि म्हणूनच कुठल्याही मोठ्या शहरातल्या हॉटेलात मिळतो. बोंबलाचं तसं नाही. त्याच्या अंगात इतकं पाणी असतं की तो हातात थरथरतो, आणि बंदरापासून फार लांब नेला तर त्याचा लगदा होतो. त्यामुळे ताजा बोंबील म्हणजे जवळचा बोंबील, हे समीकरण निसर्गानंच घालून दिलेलं आहे. उत्तनच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या होड्या तो डोल जाळ्यानं पकडतात. हे जाळं समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह मासळी त्यात ढकलतो. प्रवाह जोराचा कधी असतो? अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास, ज्याला किनाऱ्यावर उधाण म्हणतात. मधल्या अष्टमीच्या सुमाराच्या दिवसांना भांग म्हणतात, तेव्हा पाणी मंद असतं आणि डोलीत मासळी कमी येते. म्हणजे बोंबील खायचा बेत असेल तर फोनवर हॉटेलांचे तारे मोजण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहावी. हे ज्ञान कुठल्याही कोळणीला असतं, आणि ‘मावशी, उधाण आहे ना आता?’ एवढं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी ती वेगळ्या आवाजात बोलते. घेताना बोंबील गुलाबीसर पांढरा, चकचकीत, अंगानं सलग असावा. पिवळट पडलेला, पोट फुटलेला नको. घरी आणल्यावर तो उभा चिरून पाट्याखाली दाबायचा, पाणी निथळू द्यायचं आणि मग तांदळाच्या पिठात घोळवून तळायचा. खानावळीत मागवलात तर तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून जवळजवळ पातळ असायला हवा. आतूनही कडक असेल तर तो मासा ताजा नव्हता किंवा तळणाऱ्याला वेळ नव्हता.

बाकीचा बोंबील वाळतो. उत्तनला गेलात (भाईंदर पश्चिमेहून बस मिळते आणि निम्मी सकाळ त्यासाठी राखून ठेवण्यासारखी आहे), तर पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत बांबूच्या वलांडींवर बोंबील जोडीजोडीनं, तोंडात तोंड अडकवून टांगलेले दिसतात. जवळा, करंदी, वाकट्या, सोडे यांचीही वाळवणं पसरलेली असतात. एप्रिल-मे महिन्यांत या सुक्या मासळीचा आगोटीचा बाजार भरात येतो. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडची बेगमी. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि त्या काळात घराघरांत डब्यांतली सुकट बाहेर निघते. म्हणून जुलै महिन्यात केबिन रोडवरच्या ओळखीच्या घरी जेवायला गेलात आणि ताटात ताज्या रावसाऐवजी सुक्या बोंबलाचं वांगं-बटाटा घातलेलं कालवण आलं, तर यजमानानं हात आखडला असं समजू नका. तेच त्या महिन्याचं खरं जेवण आहे. उलट बंदीच्या काळात ‘आमच्याकडे सगळं ताजं’ असा फलक दिसला, तर मासा कुठून आला हे जरूर विचारावं. तो दुसऱ्या किनाऱ्यावरचा, बर्फातला किंवा तळ्यात वाढवलेला असू शकतो. त्यात गैर काही नाही, फक्त तो इथला नाही.

आता पहिला आक्षेप. कुणी म्हणेल की स्थानिक म्हणजे त्याच मातीत, त्याच पाण्यात निपजलेलं, मग बाहेरून आणलेल्या जिनसांवर उभं असलेलं केबिन रोडचं आजचं खाणं स्थानिक कसं? इथं लिस्बनची मदत होते. पोर्तुगालचा राष्ट्रीय म्हणावा असा पदार्थ बाकल्याव, म्हणजे मीठ लावून वाळवलेला कॉड मासा. आणि कॉड पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही! तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला मासा आहे. शतकानुशतकं पोर्तुगीज खलाशी तो न्यूफाउंडलंडकडून आणत आले, आज मोठा साठा नॉर्वेहून येतो. तरीही लिस्बनच्या जुन्या किराणा दुकानात लाकडाच्या फळ्यांसारखे रचलेले ते मासे पाहिले, नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी तो शिजतो हे कळलं, की त्याला परका म्हणण्याचं धाडस होत नाही. पदार्थ स्थानिक होतो तो रोजच्या गरजेनं आणि अनेक पिढ्यांच्या हातांनी, जन्मदाखल्यानं नव्हे. आपल्याकडची मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातून आले, पावाचं नाव पोर्तुगीज आहे. या भागाला तर ती पोर्तुगीज गोष्ट अगदी जवळची. १५३४च्या तहानंतर वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकेपर्यंत, दोनशे वर्षं, त्यांच्याकडे राहिली. चौक गावच्या डोंगरावरचे धारावी किल्ल्याचे अवशेष त्याच काळाची आठवण आहेत.

त्या दोनशे वर्षांतून जे खाणं उरलं, ते उत्तन-डोंगरी पट्ट्यातल्या ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मुंबई-साष्टीतल्या या मूळच्या ख्रिस्ती समाजानं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. घरात बोलतात ती मात्र मराठीचीच बोली. त्यांचा बॉटल मसाला हा या किनाऱ्याच्या स्वयंपाकाचा मोठा ठेवा आहे. उन्हाळ्याच्या कडक उन्हात मिरच्या, हळद, धणे, तीळ, खसखस अशा वीसहून अधिक जिनसा वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या आणि काळपट काचेच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरायच्या. गडद काच उजेड अडवते आणि वर्षभर रंग-वास टिकतो. नाताळात आणि लग्नात फुगियास होतात, आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. सोबत विंदालू किंवा सरपोतेल. लग्नात खिमाड नावाचं मसाले घालून गरम केलेलं मद्य फिरतं. यातलं बहुतेक काही विकत मिळत नाही, आणि या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे. पर्यटनानं आपल्याला अशी सवय लावली आहे की पैसे टाकले की पदार्थ समोर यायला हवा. पण एखाद्या जागेचं सगळ्यात जपलेलं खाणं घरात असतं, सणाला बांधलेलं असतं, आणि त्याला आमंत्रण लागतं. खिमाड प्यायला मिळत नसेल तर तो शोध अपुरा राहिला असं मानू नये. ते आहे आणि कुणाचं आहे, एवढं कळणं हाही शोधाचाच भाग आहे. बॉटल मसाला मात्र घरगुती विक्रीत मिळतो. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि बनवल्याचा महिना पाहून घ्यावा. एप्रिल-मेमध्ये केलेला सगळ्यात चांगला.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे. केबिन रोडवर आज राहणाऱ्यांत आगरी-कोळी किती? इथं गुजराती आहेत, मारवाडी जैन आहेत, कोकणातून आणि घाटावरून आलेले मराठी आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत, दक्षिणेतले आहेत. मग बोंबील-सुकट हेच खरं आणि ढोकळा-फाफडा, लिट्टी-चोखा, डोसा हे उपरे, असं ठरवायचं का? मी तसं ठरवणार नाही. पण मग ‘सगळंच स्थानिक’ असंही म्हणणार नाही, कारण त्यानं शब्दाला अर्थ उरत नाही. माझी कसोटी अशी आहे : पदार्थ इथं आल्यावर इथल्या शेजारासाठी बदलला का? जैन पावभाजी पाहा. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेल्या गिऱ्हाइकासाठी बटाट्याच्या जागी कच्ची केळी आली. पाव पोर्तुगीजांचा, भाजी मुंबईच्या गिरणगावातल्या कामगारांच्या भुकेची, नियम जैनांचा. हा पदार्थ अहमदाबादच्या जुन्या स्वयंपाकात नव्हता आणि जोधपूरच्याही नव्हता. तो मुंबई आणि तिच्या उपनगरांच्या शेजारातून जन्माला आला. म्हणून तो मला पाटीवर ‘ऑथेंटिक’ लिहिलेल्या कुठल्याही थाळीपेक्षा जास्त स्थानिक वाटतो. लिट्टीची गोष्ट वेगळी आहे. कोळशावर भाजलेली लिट्टी आणि वांग्याचं भरीत जसंच्या तसं राहिलं, कारण ते परगावी राबणाऱ्या माणसाचं घराशी असलेलं नातं आहे. त्याला बदलायचं नव्हतं. तीही चव घ्यावीच, आणि उन्हाळ्यात गाडीवर मिळणारं सत्तूचं खारं सरबतही, पण ती घेताना आपण भोजपूरचं खाणं केबिन रोडवर खातो आहोत हे ध्यानात असावं. छठपूजेचा ठेकुआ घरी होतो आणि शेजारच्यांना प्रसाद म्हणून वाटला जातो. तुमचा यजमान ज्या इमारतीत राहतो तिथं दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यात असाल, तर ठेकुआ दारावर येण्याची शक्यता चांगली आहे.

शेजार म्हटला की रुसवेही आले. २०१५ साली पर्युषणाच्या काळातल्या मांसविक्रीबंदीवरून याच महापालिकेच्या हद्दीत मोठा वाद झाला होता. पाहुण्यानं त्या वादात उतरायचं कारण नाही, पण त्यातून एक व्यवहाराची गोष्ट शिकता येते. इथं कोण काय खातं हे इमारतीगणिक, कधी मजल्यागणिक बदलतं. ज्यांच्याकडे उतरला आहात त्यांना विचारल्याशिवाय ओली मासळी घरी नेऊ नये, आणि जैन यजमानाच्या घरी सुकटीचा डबा पिशवीतूनसुद्धा उघडू नये. उलट बाजूनं, श्रावणात किंवा चातुर्मासात आलात आणि घरात मासळी शिजत नसेल तर हिरमुसू नका, त्या दिवसांचंही आपलं खाणं असतंच.

शाकाहारी वाचक इथवर येऊन विचारत असेल की माझ्यासाठी काय? पहिल्या पावसात भाईंदरच्या बाजारात या. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बायका रानभाज्यांचे वाटे घेऊन रेल्वेनं उपनगरांच्या बाजारांत येतात. एप्रिल २०१३मध्ये उपनगरी गाडी विरारपुढे डहाणूपर्यंत जाऊ लागली आणि हा प्रवास सोपा झाला. जूनच्या सुरुवातीला शेवळं येतात. ती खाजरी असतात, म्हणून विकणारी सोबत काकडांची आंबट फळं देते. ती दिली नाहीत तर मागून घ्या, त्यांच्याशिवाय भाजी घशात खवखवते. नंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. यांपैकी कुठलीही भाजी हॉटेलच्या यादीत सहसा सापडत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत संपते. हिवाळ्यात वालाच्या शेंगा, मोड आलेल्या वालांचं बिरडं. वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली मधासारखी गोड केळी, मिळाली तर सोडू नये. घोलवडच्या चिकूला २०१६ साली आणि वाडा कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही याच रेल्वेमार्गाच्या आणि त्याच्या पाठच्या मुलखाचे. मात्र ‘वाडा कोलम’ असं लिहिलेलं प्रत्येक पोतं वाड्याचं नसतं, तेव्हा दुकानदाराशी दोन मिनिटं बोलून घ्यावं.

पिण्याच्या बाबतीत घड्याळ जास्त महत्त्वाचं. ताडाचा आणि शिंदीचा रस रात्रभर मडक्यात गोळा होतो. तो आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, आणि पहाटे तो नीरा असतो. ऊन चढलं की आंबायला लागतो आणि ताडी होतो. म्हणजे नीरा प्यायची तर सकाळी लवकर, थंडगार ठेवलेली आणि अधिकृत केंद्रावरचीच. सकाळी अकरानंतरच्या नीरेच्या वाटेला जाऊ नये. ताडी प्यायचीच असेल तर परवान्याच्या केंद्राबाहेर कधीही नाही, कारण क्लोरल हायड्रेट मिसळलेल्या ताडीची प्रकरणं महाराष्ट्रात वारंवार उघडकीला आली आहेत आणि ती जिवावर बेतू शकते. एप्रिल-मेमध्ये ताडगोळे घ्या, सोलून दिलेले नकोत, समोर सोलून घ्या. चहाबद्दल वेगळं सांगायला नको.

तिसरा आक्षेप तरुण वाचकाचा. फोनवर हजारो लोकांनी दिलेले तारे असताना बाजारात कुणाला विचारत बसायची गरज काय? तारे खोटे असतात असं मी म्हणत नाही. अडचण अशी की ते अनोळखी माणसांच्या सरासरीचं मत सांगतात, आणि सरासरीला तिथी नसते, महिना नसतो. शिवाय जिथं पर्यटकांची गर्दी होते तिथं बाजाराचाच स्वभाव बदलतो. बार्सिलोनाचा बोकेरिया बाजार हे त्याचं ठळक उदाहरण. तिथं फोटो काढणाऱ्यांची इतकी दाटी झाली की रोजच्या गिऱ्हाइकाला खरेदी जमेना, आणि २०१५ साली मोठ्या पर्यटक गटांवर खरेदीच्या वेळांत निर्बंध घालावे लागले. युरोपात म्हणून जाणता प्रवासी मुख्य चौकापासून दोन गल्ल्या आत जातो आणि स्थानिक माणसं कुठं जेवतात ते शोधतो. केबिन रोडवर ही मेहनतच करावी लागत नाही. इथला प्रत्येक गाडीवाला उद्याही त्याच माणसांना विकणार असतो, आणि ज्याचा माल एकदा बिघडला त्याला उद्या गिऱ्हाईक नाही. ही शिस्त कुठल्याही ताऱ्यांपेक्षा कडक आहे. म्हणून गर्दी पाहताना तिचा आकार पाहू नका, तिची ओळख पाहा. काही न सांगता ज्याच्यापुढे नेहमीची बशी ठेवली जाते असे दोन-तीन जण दिसले, तर तिथं थांबायला हरकत नाही. संध्याकाळी लोकल रिकाम्या होतात त्या वेळेला हे सगळ्यात नीट दिसतं.

स्वच्छतेची शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकणं बेजबाबदारपणाचं होईल. उल्हास नदी आणि वसईची खाडी प्रदूषित आहे, त्यात कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी येतं. शिंपल्या आणि कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. खाडीतली शिंपली-कालवं मी बाहेरच्या पाहुण्याला सुचवणार नाही, निदान ती कुठून आणली हे विकणारीनं खात्रीनं सांगितल्याशिवाय नाही. निवट्या आणि चिंबोऱ्या आगरी घरांत प्रेमानं खातात. त्या घ्यायच्या तर जिवंत घ्याव्यात आणि पूर्ण शिजवाव्यात. चिंबोरी अमावस्येच्या सुमारास भरलेली असते असं जुनी माणसं सांगतात. हातात घेऊन जड लागते का ते पाहिलं की तुम्हालाही कळेल. माशाचे कल्ले लाल, डोळा फुगीर आणि बोटानं दाबलेली जागा लगेच वर येणारी असावी. रस्त्यावरचं खाणार असाल तर समोर तळलेलं, उकळलेलं, भाजलेलं घ्या. चिरून ठेवलेली फळं, पाणी घातलेली चटणी आणि बर्फ नव्या माणसानं टाळलेला बरा. एवढी काळजी घेतली की केबिन रोड घाबरण्यासारखा राहत नाही. लिस्बनमध्येही कालवं खाताना माणूस हेच विचारतो.

बाजारातल्या बोलण्याविषयी थोडं. मासळी इथं बऱ्याचदा वाट्यानं विकतात, किलोवर नाही. वाट्याचा भाव विचारून लगेच निम्म्यावर घासाघीस सुरू केली तर पुढचं बोलणं संपतं. आधी ‘आज काय आलंय, मावशी?’, मग ‘तुम्ही आज घरी काय केलंत?’ हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण विकणारी जे स्वतःच्या घरी नेते ते त्या दिवशीचं चांगलं आणि स्वस्त असतं, आणि उत्तरासोबत पाककृतीही मिळते. चिंच घालायची की कैरी, हळद किती, खोबरं ओलं की भाजलेलं. स्वयंपाकघर हाताशी नसेल तर ज्यांच्याकडे उतरला आहात त्यांना सोबत न्या. त्यांनाही गेली दहा वर्षं आपण नेहमीच्या तीनच भाज्या आणतो हे त्या दिवशी लक्षात येतं.

परतीच्या प्रवासासाठी ओली मासळी नको, सुकट न्या. एप्रिल-मेमधली घ्या, मुठीत दाबल्यावर सुटी राहणारी, ओलसर न लागणारी, पांढरी भुकटी न धरलेली. भाईंदर स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांसाठी ओळखलं जातं, तेव्हा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा इथंच घ्या. सुकट कोरड्या कागदात गुंडाळून त्यात भरा आणि झाकणावरून कापड बांधा, म्हणजे गाडीतल्या शेजाऱ्याला त्रास होणार नाही. घरी पोचल्यावर जवळा निवडून कोरडाच मंद आचेवर भाजा, मग पाण्यात टाकून हलक्या हातानं वरचा वर उचलून घ्या, रेती तळाला बसते. कढईत तेल, भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद, कैरीच्या फोडी. कैरी मऊ झाली की जवळा घालून दोन वाफा आणा आणि तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात घ्या.